इम्पॅक्ट रेंच आणूनही चाकाचे नट सुटत नाहीत? आधी हे तपासा

बॅटरीवरचा इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके मारत नट फिरवणारं मशीन घेतलं, खोक्यावर ३५० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) छापलंय, तरी चाकाचा नट जागचा हलत नाही. मशीन दहा-पंधरा सेकंद खडखडतं, बॅटरीचे दिवे एकेक करून विझतात, आणि शेवटी डिक्कीतला एल पाना बाहेर काढावा लागतो. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत घरच्या घरी चाकं अदलाबदल करणाऱ्यांची संख्या वाढलीय, आणि त्यांच्याकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. काहींनी पहिलं मशीन विकून दुसरं, जास्त आकड्याचं आणलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

असे बरेच नट जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय. नट न सुटण्याचं मूळ बहुतेक वेळा मागच्या खेपेला तो कोणी आणि किती आवळला यात असतं. मशीनचा दोष असतोच, पण तो नंतर येतो, आणि त्यातही मोटरपेक्षा बॅटरी आणि सॉकेट (मशीनला लावायची, नटावर बसणारी वाटी) जास्त वेळा सापडतात. त्यामुळे नवीन मशीन बघण्याआधी निदान करून घ्या.

पहिली चाचणी हातानं

गाडीसोबत आलेला एल पाना साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांब असतो. ३० सेंटीमीटरच्या टोकाला तुम्ही ३५ किलोचा भार दिला, तर नटवर सुमारे १०३ न्यूटन-मीटर जोर पडतो. ३५ किलो म्हणजे दोन्ही हात पान्यावर ठेवून, अंग थोडं पुढे झुकवून दाबणं. टोयोटा इनोव्हाचा नट बरोबर इतकाच, १०३ न्यूटन-मीटर आवळायचा असतो. मारुतीच्या छोट्या गाड्यांचा आकडा ८५ ते १०० च्या आसपास येतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सोबतच्या पुस्तिकेत असतो. तिथे तो किलोग्रॅम-मीटरमध्ये दिला असेल तर ९.८ नं गुणा.

थोडक्यात, नियमाप्रमाणे आवळलेला, आटे स्वच्छ असलेला नट एल पान्यानं आणि हाताच्या दाबानं सुटायला हवा. चाक जमिनीवर, हँडब्रेक लावलेला, गाडी गिअरमध्ये. पाना नटवर पूर्ण आत बसवा, दांडा डावीकडे आडवा येईल असा ठेवा आणि खाली दाबा. 'कट्' असा कोरडा आवाज येऊन नट सुटला, तर तुमचे नट ठीक आहेत आणि तरीही मशीनला जमत नसेल तर दोष मशीनच्या बाजूला आहे. पान्यावर सत्तर किलोचा माणूस उभा राहिल्याशिवाय नट हलतच नसेल, तर त्यावर २०० न्यूटन-मीटर पडल्यावर तो सुटतोय. हा नट दुप्पट आवळलेला आहे, किंवा गंजलाय. उभं राहून बघू मात्र नका. पाना सटकला की नडगी फुटते. ६० सेंटीमीटरचा ब्रेकर बार, म्हणजे लांब दांड्याचा पाना घ्या, त्याच ३५ किलोच्या दाबात २०० च्या वर जोर मिळतो.

ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि पुढचा सगळा शोध तिच्यावर ठरतो. चारही चाकांचा एकेक नट बघा. पंक्चर काढलेल्या एकाच चाकाचे नट घट्ट आणि बाकीचे सरळ सुटणारे निघाले, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

नट इतका घट्ट होतो कसा

कोकणात, समुद्राकाठी, गंज हे पहिलं कारण असतं. आपल्याकडे हवा कोरडी, पाऊस कमी. सोलापुरात मुख्य कारण आहे हवेची गन. टायरच्या दुकानातली अर्ध्या इंची न्यूमॅटिक गन ४००-५०० न्यूटन-मीटरपर्यंत सहज जाते. कारागीर नट हातानं दोन आटे फिरवतो, गन लावतो आणि खडखड थांबेपर्यंत ट्रिगर दाबून ठेवतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. गिऱ्हाईक पुढे पुणे रोडला किंवा हैदराबाद रोडला शंभरच्या वेगानं जाणार, चाक सैल राहिलं असं कोणी म्हणू नये. पण १०० च्या जागी २५० नं आवळल्यानं चाक जास्त पक्कं होत नाही. स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो बोल्ट, ताणला जातो, नटाची तिरकी बैठक अलॉय चाकात रुतते, चारांपैकी एक नट जास्त आणि एक कमी घट्ट राहिला तर ब्रेक डिस्कवर असमान दाब पडतो. काही महिन्यांनी ब्रेक लावताना स्टेअरिंग थरथरायला लागतं तेव्हा तो दोष कोणी नटांवर टाकत नाही.

दुसरं कारण पाणी. बोअरच्या जड पाण्यानं गाडी धुतली की नटाच्या तोंडाशी पांढरी खर साठते. ती आट्यांत शिरली आणि त्यावर ब्रेकची काळी धूळ बसली की नट सुटताना करकरतो. अशा नटाला गंज सोडवणारं तेल स्टडच्या उघड्या टोकाला दोन थेंब लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा. टोपीवाला बंद नट असेल तर तेल आत जातच नाही. अशा वेळी नट आधी अगदी किंचित घट्ट दिशेला हलवून मग उलटा घेतला की कधी कधी जमतं.

तेलाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण इथे चांगल्या हेतूनं मोठं नुकसान होतं. नट सुटल्यावर परत बसवताना आट्यांना ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेलकट आट्यांवर तोच आकडा लावला तर घर्षण कमी झाल्यामुळे स्टडवर ताण कितीतरी जास्त येतो. आटे तारेच्या ब्रशनं घासा, फडक्यानं पुसा, बस्स. ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या मधल्या उंचवट्यावर, चाकाचं भोक जिथं बसतं तिथं, बोटानं पुसट थर द्या. चाक हबला चिकटून बसायचं थांबतं.

नट ठीक आहेत, तरी मशीन हरतंय

आधी दोन साध्या गोष्टी. दिशेचं बटण उलट्या बाजूला आहे ना? आजच्या जवळजवळ सगळ्या प्रवासी गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटेही सरळच असतात, दोन्हीकडे सोडायची दिशा एकच. आणि मोड कोणता आहे? बऱ्याच नव्या मशीनमध्ये उलट दिशेला एक ऑटो-स्टॉप मोड असतो. नट सैल होताच मोटर थांबावी म्हणून तो दिलेला असतो, पण घट्ट नटावर तो काही वेळा आधीच थांबतो. पूर्ण ताकदीचा मोड लावा.

मग सॉकेट. इम्पॅक्ट रेंच ड्रिलसारखा नुसता पिळत नाही. आत एक हातोडा फिरतो आणि तो अँव्हिलवर, म्हणजे सॉकेट लावायच्या दांड्यावर, मिनिटाला दोन-तीन हजार ठोके मारतो. ठोका नटापर्यंत पोहोचला तरच उपयोग. मध्ये सैल सॉकेट असेल, अर्ध्या इंचाचं तीन-अष्टमांशात बदलणारं अडॅप्टर असेल, वर दहा इंची एक्स्टेन्शन, म्हणजे लांबवायची दांडी असेल, तर प्रत्येक सांध्यात ठोका थोडा थोडा जिरतो. मशीन तितकाच आवाज करतं, नटाला निम्मंच कळतं. एक्स्टेन्शन काढून, एकच खोल सॉकेट थेट मशीनला लावून बघा. कितीतरी 'बंद पडलेली' मशीनं या एका बदलानं चालू झालेली पाहिलीत.

सॉकेट सहा कोनी हवा, काळ्या रंगाचा, इम्पॅक्टसाठी बनवलेला. चकचकीत क्रोमचे हातपान्याचे सॉकेट यावर लावू नका, ते कडक असतात आणि ठोक्यांनी तडकून तुकडा उडतो. डोळ्यावर चष्मा असू द्या. माप गाडीप्रमाणे: मारुती आणि होंडाला साधारण १९, ह्युंदाई, किया, टोयोटाला २१, फोक्सवॅगन-स्कोडाच्या बोल्टना १७. बाकीच्यांनी गाडीतला एल पाना दुकानात नेऊन त्यावरून माप घ्यावं. अलॉयचं भोक अरुंद असेल तर पातळ भिंतीचा, बाहेर प्लास्टिकची बाही असलेला सॉकेट घ्या, म्हणजे रंग खरवडत नाही. चाकाला चोरीपासून बचावाचा लॉक नट असेल तर त्याच्या चावीवर मशीन कधीच चालवू नका. चावीचे दात तुटले की ते चाक काढायला वेगळीच मारामारी. तो नट हातानं.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा चोर म्हणजे बॅटरी

बाजारात ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट, १२८ व्होल्ट असे आकडे छापलेली मशीनं मिळतात. आत काय असतं ते समजून घ्या. लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज असताना ४.२. पाच सेल ओळीनं जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण चार्जला २१. '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' ही एकाच बॅटरीची दोन नावं आहेत. हातात मावणाऱ्या त्याच आकाराच्या पॅकमधून १२८ व्होल्ट निघायला तीस-पस्तीस सेल लागतील, आणि तेवढी जागाच तिथे नाही. मिलीअँपिअर-अवरचंही, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्या आकड्याचंही तसंच. सगळ्यात चांगल्या १८६५० मापाच्या एका सेलची क्षमता ३५०० च्या आसपास संपते. पाच सेलच्या पॅकवर १५००० लिहिलेलं असेल तर तो आकडा सोडून द्या.

खरं काय आहे हे बघायला पॅक उघडायची गरज नाही. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर फक्त बॅटरी ठेवा. १८६५० चा एक सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. पाच सेल म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम, त्यावर खोकं, पट्ट्या आणि सर्किट. पॅक चारशे ग्रॅमच्या आत आला तर आत पाचच सेल आहेत. सहाशेच्या पुढे गेला तर दहा. मधलं वजन आलं तर २१७०० मापाचे मोठे पाच सेल असू शकतात, ते एकेक ७० ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि चालतात चांगले.

याचा नटाशी काय संबंध? घट्ट नटावर मोटर वीस-तीस अँपिअर सहज ओढते. स्वस्त पाच सेलच्या पॅकला तेवढा प्रवाह देणं जमत नाही, व्होल्टेज खाली बसतं, मोटर मंदावते, ठोके हलके होतात. पहिला नट सुटतो, दुसरा सुटतो, चौथ्याला मशीन दमतं, ही तक्रार जवळजवळ नेहमी इथली. दहा सेलच्या पॅकमध्ये दोन-दोन सेल जोडीनं काम करतात, प्रत्येकावर निम्मा भार येतो.

आता सोलापूरचं ऊन. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत ६० अंशांच्या पुढे. 'रस्त्यात उपयोगी पडेल' म्हणून मशीन कायम डिक्कीत ठेवणारे बरेच आहेत. दोन उन्हाळ्यांत ती बॅटरी निकामी होते, आणि खरी गरज पडते त्या दिवशी दोन ठोक्यांत बसते. बॅटरी घरात, सावलीत, निम्म्या चार्जवर ठेवा. काम झाल्या झाल्या गरम बॅटरी चार्जरला लावू नका, गार होऊ द्या. बहुतेक चार्जर ४० अंशांपर्यंतच चार्ज करायला सांगतात, मे महिन्यात दुपारी पार्किंगमध्ये तेवढं तापमान असतंच. रात्री घरात लावा. रस्त्यासाठी डिक्कीत ६० सेंटीमीटरचा ब्रेकर बार आणि एक चांगला सॉकेट ठेवा, त्यांना उन्हाचं काही होत नाही.

मग कोणता घ्यावा

वर्षातून दोनदाच चाकं फिरवणार असाल तर ब्रेकर बार, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरावर 'टक्' वाजणारा पाना) आणि चांगला जॅक एवढ्यात काम होतं. हॅचबॅकचे सोळा नट आहेत. मशीन घ्यायचं कारण वेळ आणि कंबर, आणि पन्नाशी-साठीच्या माणसाला ते कारण पुरेसं आहे.

घेताना दोन आकडे वेगवेगळे वाचा. एक आवळायचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दुसरा सोडायचा. उदाहरणार्थ, मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० वर आवळायचे ३३० आणि सोडायचे ५८० न्यूटन-मीटर असे दोन्ही दिलेले आहेत. ज्या खोक्यावर एकच मोठा आकडा असतो आणि तो कशाचा हे लिहिलेलं नसतं, तिथे सावध. छोट्या आणि मध्यम गाड्यांना सोडायचे प्रामाणिक ४०० पुरे होतात, दुकानाच्या गननं आवळलेले नटही त्यात येतात. हजारचं मशीन चाकासाठी नको. जड असतं, आणि आवळताना एका क्षणात स्टड खाऊन टाकतं.

अर्ध्या इंचाचा चौकोनी ड्राइव्ह, ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर, कमीत कमी तीन वेगांचे मोड, ४ अँपिअर-अवरची बॅटरी. षटकोनी बिट लावायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हे वेगळं यंत्र आहे, अडॅप्टर लावून त्यानं चाकाचे नट काढायचा खटाटोप करू नका. आणि बॅटरी पुढे तीन वर्षांनी सुटी मिळेल का, दुरुस्ती सोलापुरात होईल का की पुण्याला पाठवावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा. माझ्या दृष्टीनं शंभर न्यूटन-मीटर जास्त मिळण्यापेक्षा हे मोठं आहे.

गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारी मशीनं स्वस्त असतात. पण त्या सॉकेटवर बऱ्याच गाड्यांत '१२ व्होल्ट, १२० वॅट' असं छापलेलंच असतं. त्याहून जास्त ओढलं की फ्यूज जातो. यातलं चिमटे थेट बॅटरीला लावायचं, इंजिन चालू ठेवून वापरायचं मशीन असेल तरच विचार करा. घरी पार्किंगमध्ये प्लग जवळ असेल तर २३० व्होल्टचं वायरवालं मशीन हा खरा किफायतशीर पर्याय आहे. बॅटरीचा प्रश्नच नाही, आणि दहा वर्षं चालतं.

सोडताना आणि आवळताना

मागच्या-पुढच्या चाकाला दगड किंवा ठोकळा लावा. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट पाव फेरा सैल करा. मग जॅक, मग खाली जॅक स्टँड, मग मशीननं नट पूर्ण काढा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीला मशीन लावून हिसके देऊ नका. दहा सेकंदांत नट हलला नाही तर थांबा, ब्रेकर बार घ्या. मिनिटभर ठोकत राहिल्यानं नट सुटत नाही, मशीन आणि बॅटरी तापतात.

नट निघाले पण चाक हबवरून निघत नाही असं झालं तर एक-दोन नट दोन-तीन आटे परत लावून ठेवा आणि टायरच्या बगलेवर टाचेनं आलटून पालटून, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, लाथ मारा. गाडी स्टँडवर असेल तरच.

परत बसवताना मात्र मशीन बाजूला. प्रत्येक नट आधी बोटांनी फिरवा, निदान चार-पाच आटे. बोटांनी जात नसेल तर नट तिरका लागतोय, मशीननं रेटला तर आटे जातील. मग हातानं किंवा मशीनच्या सगळ्यात हलक्या मोडवर समोरासमोरच्या क्रमानं टेकवा, गाडी खाली घ्या आणि टॉर्क पान्यानं पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. एकदा 'टक्' वाजलं की थांबा. दोन-तीनदा टकटक केली की आकडा वर सरकतो. टॉर्क पान्यानं नट सोडू नका, आणि ठेवताना त्याचा आकडा सगळ्यात खाली आणून ठेवा, स्प्रिंग बिघडत नाही.

ज्या दिवशी तुम्ही चारही चाकं अशी एकदा स्वतः आवळाल, त्यापुढच्या खेपेला छोटं मशीनही नट सहज काढेल. अडचण परत येते ती मधे कधी तरी पंक्चर निघालं आणि दुकानात गन लागली की. तिथे उभं राहून सरळ सांगा, "दादा, गननं फक्त टेकवा, शेवटचं मी हातानं आवळतो." टॉर्क पाना डिक्कीतून काढून हातात दिला तर बहुतेक कारागीर आनंदानं तो वापरून बघतात. नाहीच जमलं तर घरी आल्यावर त्या चाकाचे नट एकेक करून सैल करा आणि परत मापानं आवळा. एका चाकाला पाच मिनिटं लागतात.

चाक काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा तपासायचे असतात, नवीन अलॉय असतील तर नक्कीच. तुळजापूरला जाऊन आलात की साधारण तेवढं अंतर होतं. चाकं गार होऊ द्या, तोच आकडा लावून टॉर्क पाना प्रत्येक नटावर एकदा ठेवा. नट न फिरता लगेच 'टक्' वाजलं तर काम नीट झालंय. एखादा नट फिरला, तर तो मापावर आणा आणि पुढच्या शंभर किलोमीटरनंतर फक्त त्या चाकाकडे पुन्हा बघा. तिथेही तोच नट परत फिरला तर स्टड ताणलेला आहे किंवा नटाची बैठक गेली आहे. तो स्टड आणि नट दोन्ही बदलून घ्या.